हात धुवायची पद्धत शिकवताय ते चांगलंच, पण नळाजवळ साबण आहे का?

हात धुवायच्या पद्धतीवर वाद सुरू झाला की तो लगेच दोन टोकांना जाऊन बसतो. एका टोकाला शिस्तवाले. स्टेप ६ की ७, सेकंद २० की ४०, आधी तळवे की आधी हाताची मागची बाजू, आणि हे सगळं जो तंतोतंत करत नाही तो बेफिकीर, त्याच्यामुळेच आजार पसरतात. दुसऱ्या टोकाला 'एवढं काय त्यात' वाले. त्यांचं म्हणणं की माणसं पिढ्यानपिढ्या अशीच जगली, थोडे जंतू पोटात गेले तर उलट शरीर तयार होतं, आणि सेकंद मोजत उभं राहणं म्हणजे साथीच्या काळात बसलेली भीती अजून उतरलेली नाही एवढंच. दोघंही पोटतिडकीने बोलतात. पण ज्या मुलाला किंवा ज्या कामगाराला आपण हे सगळं सांगतोय तो जिथे हात धुतो तिथे साबण असतो का, आणि असलाच तर तेवढा वेळ त्याला कुणी देतं का, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पद्धत महत्त्वाची आहे, खूप महत्त्वाची आहे, नुसते हात ओले करून झटकणं म्हणजे हात धुणं नव्हे. पण पद्धत म्हणजे फक्त बोटांच्या हालचाली नाहीत. नळ कुठे आहे, त्याला पाणी आहे का, साबण हाताशी आहे का, हात पुसायचे कशाने, आणि रांगेत मागे किती जण उभे आहेत, हे सगळं त्या पद्धतीचाच भाग आहे. आणि हा भाग ज्यांच्या अखत्यारीत येतो, म्हणजे शाळा चालवणारे, कारखाने आणि ऑफिसं चालवणारे, आणि घरात निर्णय घेणारी मोठी माणसं, ते पोस्टर चिकटवून किंवा ओरडून मोकळे होतात. आपण सगळा वाद हात धुणाऱ्याच्या शिस्तीवर घालतोय आणि धुवायच्या जागेबद्दल चकार शब्द काढत नाही, हे मला खरंच खटकतं.

आधी पद्धत का लागते ते बघू, कारण 'एवढं काय त्यात' वाल्यांना उत्तर तिथेच आहे. कातडीवर तेलकटपणाचा एक पातळ थर असतो, मळ आणि जंतू त्यात अडकून बसतात, आणि नुसतं पाणी त्या थराला पुरतं सोडवू शकत नाही. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं टोक तेलाला, त्यामुळे चोळलं की तो थर सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. कोरोना किंवा फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचंच आवरण असतं, ते साबणाने फुटतं आणि विषाणू निकामी होतो. पण जुलाब-उलट्या करणाऱ्या नोरोव्हायरसला तसं आवरण नसतं, तो साबणाने मरत नाही, त्याला चोळून सुटा करून धुवूनच काढावं लागतं. म्हणजे चोळणं हा काही उगाच वाढवलेला सोपस्कार नाही, खरं काम तिथेच होतं. २०११ साली लंडनमध्ये झालेल्या एका प्रयोगात लोकांना सार्वजनिक ठिकाणच्या दाराच्या मुठी, कठडे असं मुद्दाम हाताळायला लावलं आणि मग हात तपासले. न धुतलेल्या हातांवर विष्ठेतून येणारे जंतू ४४ टक्के वेळा सापडले, नुसत्या पाण्याने धुतल्यावर २३ टक्के वेळा आणि साध्या साबणाने धुतल्यावर ८ टक्के वेळा. पाण्याने काहीच होत नाही असं नाही, निम्मं काम होतं, पण उरलेल्या निम्म्यातलं बरंचसं काम साबण करतो.

आता शिस्तवाल्यांकडे येऊ. त्या प्रसिद्ध ६ स्टेप आल्या कुठून? ग्रॅहम आयलिफ नावाचे ब्रिटिश सूक्ष्मजीवतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली हाताला लावायच्या जंतुनाशकांची तुलना करण्यासाठी एक चाचणी बसवली, आणि तुलना खरी व्हायची तर प्रत्येकाने हात सारखेच चोळायला हवेत म्हणून हालचाली ठरवून दिल्या. तळव्यावर तळवा, मग हाताची मागची बाजू, बोटांच्या मधल्या जागा, बोटांच्या पाठी, अंगठे, बोटांची टोकं. ती पद्धत पुढे दवाखान्यांत गेली आणि तिथून शाळांच्या भिंतींवर आली. यात वाईट काही नाही, पण ६ स्टेपचा क्रम कुठल्या दगडावर कोरलेला नाही एवढं कळलं तरी निम्मी भांडणं मिटतील. क्रम चुकला तर काही बिघडत नाही. अंगठा सुटला तर बिघडतं. घाईत हात धुणाऱ्याकडून कायम त्याच जागा सुटतात, अंगठे, बोटांची टोकं, बोटांच्या बेचक्या, आणि गंमत नाही ही, आपण दाराची कडी, फोन, डोळा, नाक, तोंड या सगळ्याला नेमकं बोटांच्या टोकांनीच हात लावतो. तळवे बिचारे सगळ्यात जास्त चोळले जातात आणि त्यांना त्याची गरज तुलनेने कमी असते. नखांखालची जागा तर हातावरच्या जंतूंचं मुख्य ठाणं, म्हणून नखं कापलेली असणं हा पण हात धुण्याचाच भाग धरायला हवा.

मग पूर्ण ६ स्टेप केल्याने फरक पडतो का? पडतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. ग्लासगोमधल्या संशोधकांनी २०१६ साली डॉक्टर-नर्सवर हँडरबच्या, म्हणजे पाण्याशिवाय हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाच्या, दोन पद्धती ताडून पाहिल्या, ६ स्टेपची आणि ३ स्टेपची, आणि ६ स्टेपवाल्यांच्या हातावरचे जंतू जास्त कमी झाले. शिस्तवाले हे उदाहरण देतात आणि ते बरोबरच देतात. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट ते सांगत नाहीत. समोर सूचनांचा कागद, बाजूला बघणारा माणूस, धंदाच आरोग्याचा, तरी पूर्ण ६ स्टेप करणारे फक्त ६५ टक्के निघाले. ट्रेनिंग झालेला माणूस कागद समोर ठेवूनसुद्धा तिसरा हिस्सा वेळा चुकतो, तर आठ वर्षांच्या मुलाने मधल्या सुट्टीत, मागून धक्के बसत असताना, भिंतीवरच्या चित्राकडे बघून ते नीट करावं ही अपेक्षा कुठल्या आधारावर?

सेकंदांचं भांडण तर आणखी पोकळ आहे. एक बाजू जागतिक आरोग्य संघटनेचं नाव घेऊन ४० ते ६० सेकंद म्हणते, दुसरी बाजू सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचं नाव घेऊन २० म्हणते, आणि 'बघा, तज्ज्ञांचंच एकमत नाही' म्हणून तिसरा कुणीतरी दोन्ही उडवून लावतो. पण नीट वाचलं तर दिसतं की सीडीसीने नुसता चोळण्याचा वेळ सांगितलाय आणि आरोग्य संघटनेने हात ओले करण्यापासून ते पुसून नळ बंद करेपर्यंतचा पूर्ण वेळ सांगितलाय. २० सेकंद चोळा, आधी ओले करा, नंतर धुवा, पुसा, सहज ४० च्या वर जातंच की. म्हणजे ज्यावर लोक एवढे तावातावाने भांडतात तो फरकच नाही. चोळताना नळ बंद ठेवता येतो, त्यामुळे पाणी वाया जातं हा आक्षेप पण इथेच संपतो.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा अजिबात नाही. फार स्वच्छतेने मुलांची प्रतिकारशक्ती बिघडते, ॲलर्जी वाढतात, हा तो मुद्दा. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकांनी मांडलं की मोठ्या कुटुंबातल्या, मोठी भावंडं असलेल्या मुलांना परागकणांची ॲलर्जी कमी दिसते, आणि त्याचं कारण लहानपणी भावंडांकडून लागणारी इन्फेक्शनं असू शकेल. त्यानंतर या विचारावर प्रचंड काम झालं आणि आज एवढं नक्की म्हणता येतं की लहान वयात शरीराची नाना प्रकारच्या सूक्ष्मजीवांशी ओळख होणं गरजेचं आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. मुलांनी मातीत खेळावं, जनावरांजवळ जावं, झाडावर चढावं, एकमेकांच्या अंगावर लोळावं. पण पुढे याच कामातून दुसरं मत पुढे आलं की उपयोगी पडतात ते माती, झाडं, जनावरं आणि इतर माणसं यांच्याकडून येणारे, माणसाबरोबर लाखो वर्षं राहिलेले निरुपद्रवी जीव. जुलाब, कॉलरा, टायफॉइड हे त्यांच्यात धरायचं काही कारण नाही. संडासातून आल्यावर साबण लावला म्हणून मुलाची मातीशी ओळख तुटते का? खेळून आल्यावर खायच्या आधी हात धुतले म्हणून तो दोन तास मातीत लोळला ते पुसलं जातं का? 'स्वच्छता कमी करा' आणि 'नेमक्या वेळी नेमकी स्वच्छता करा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिलीचा पुरावा म्हणून जे दाखवलं जातं ते बहुतेक वेळा दुसरीचंच समर्थन असतं.

आणि 'पिढ्यानपिढ्या अशीच जगली' याचं काय? जे जगले त्यांचीच मुलं-नातवंडं हे वाक्य बोलायला उरली, पाच वर्षांच्या आत गेलेल्या मुलांच्या वतीने बोलणारं कुणी नाही. आजसुद्धा जुलाब आणि न्यूमोनिया हे पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांमध्ये आहेत. कराचीच्या गरीब वस्त्यांमध्ये एक मोठा प्रयोग झाला, २००५ साली तो प्रसिद्ध झाला, काही घरांना साबण दिला आणि नियमित हात धुवायला शिकवलं, आणि तिथल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया बाकीच्या घरांच्या तुलनेत निम्म्यावर आला, जुलाबही साधारण तेवढेच घटले. यात एक मुद्दा मला मुद्दाम अधोरेखित करावासा वाटतो, की त्यांनी साधा साबण आणि जंतुनाशक साबण दोन्ही वापरून पाहिले आणि दोन्हीचा परिणाम सारखाच आला. २०१६ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक संस्थेने ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक रसायनं घरगुती साबणांतून काढायला लावली, कारण साध्या साबणापेक्षा ती जास्त उपयोगी किंवा रोज वापरायला सुरक्षित आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. म्हणजे चांगला साबण परवडत नाही म्हणून मुलांना साबणच नाही, असं म्हणायची सोय कुठल्याच संस्थेला उरत नाही. साधा साबण पुरतो. गरम पाणी पण लागत नाही, थंड पाण्यानेही तेवढेच जंतू जातात.

कातडीचा आक्षेप मात्र खरा आहे. दिवसातून पंचवीस-तीस वेळा हात धुणाऱ्या नर्सेसना हाताच्या त्वचारोगाची तक्रार सर्रास असते, भेगा पडतात, आणि भेगा पडलेल्या हातावर जंतू उलट जास्त टिकतात. ज्यांना मनाच्या आजारामुळे हात धुणं थांबवताच येत नाही त्यांना आपले ते सततचे इशारे अजून आत ढकलतात, याचा विचार पोस्टर बनवणाऱ्यांनी करायला हवा. म्हणून 'सारखे हात धुवा' हा सल्ला मला चुकीचाच वाटतो. सारखे नाही, वेळेवर. संडासातून आल्यावर, बाळाचं शी-शू काढल्यावर, स्वयंपाकाच्या आधी आणि मध्ये कच्चं मांस हाताळलं असेल तर परत, खायच्या किंवा भरवायच्या आधी, नाक शिंकरल्यावर, आजारी माणसाचं काही केल्यावर, जनावरांना हात लावल्यावर. एवढ्या वेळा पाळल्या तर बाकी वेळेला हातांना शांतपणे राहू दिलं तरी चालतं, आणि कातडी कोरडी पडत असेल तर नंतर थोडं तेल किंवा क्रीम लावावं.

सॅनिटायझर असताना हे सगळं कशाला, असंही विचारलं जातं. जिथे नळ नाही तिथे सॅनिटायझर फार मोलाचा आहे, अल्कोहोल किमान ६० टक्के असेल तर. पण हात मळलेले, तेलकट असले की तो नीट पोचत नाही, आणि नोरोव्हायरसवर त्याचा भरवसा धरता येत नाही. शाळेत उलट्यांची साथ आली आणि दारात सॅनिटायझरची बाटली ठेवून सगळे निश्चिंत झाले, तर ती निश्चिंती महागात पडते.

आता जरा इतिहासाकडे येऊ, कारण या विषयावर बोलताना सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरची गोष्ट सगळेच सांगतात आणि मला वाटतं चुकीचा बोध घेऊन सांगतात. व्हिएन्नाच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये बाळंतिणींचे दोन विभाग होते, एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा, आणि पहिल्यात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त. इग्नाझ सेमेलवाइसच्या लक्षात आलं की डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीच्या खोलीत येतात. आणि इथे तपशील बघा, ते लोक हात धूत नव्हते असं नाही. साबणाने धूत होते, पण प्रेताचा वास हाताला राहायचा. म्हणजे धुणं होतं, पुरेसं नव्हतं. १८४७ च्या मे महिन्यात त्यांनी क्लोरीनच्या चुन्याच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पाण्याने हात धुणं प्रत्येकाला सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्या विभागात १८ टक्क्यांहून जास्त बायका दगावल्या होत्या, जूनमध्ये ते प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आलं, जुलैमध्ये त्याहून खाली. 'एवढं काय त्यात' म्हणणाऱ्यांनी हे आकडे परत एकदा वाचावेत, कसे धुतले यावरच सगळं फिरलं.

पण शिस्तवाल्यांसाठी पण यात काहीतरी आहे. हे आकडे उतरले ते सेमेलवाइस यांनी ते पाणी विभागात आणून ठेवलं, आत जाणाऱ्या प्रत्येकाला तोच नियम लावला, कुणाच्या मर्जीवर सोडलं नाही म्हणून. आणि पुढे त्यांचं म्हणणं अडलं कशामुळे? सहकाऱ्यांच्या हट्टामुळे तर खरंच, आपल्याच हाताने माणसं मेली हे मान्य करणं कुणालाच सोपं नसतं. पण त्यांनी आपलं सविस्तर पुस्तक काढलं ते १८६१ साली, इतक्या उशिरा, आणि नंतर विरोधकांना उघड पत्रं लिहून खुनी म्हणायला सुरुवात केली. विषय बरोबर, आकडे बरोबर, आणि तरी युरोपातली बाळंतपणं त्यांच्या हयातीत सुरक्षित झाली नाहीत, १८६५ मध्ये ते गेले. दोष देऊन माणूस बदलत नाही, हे तेव्हाच दिसून गेलं होतं. चुन्याच्या पाण्याचं भांडं जे करू शकलं ते त्या पत्रांना करता आलं नाही.

असंच लंडनला १८५४ च्या कॉलऱ्यात. डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या एका पंपाभोवतीचे मृत्यू मोजले आणि स्थानिक मंडळाकडून त्या पंपाचा दांडा काढून घ्यायला लावला. साथ तोपर्यंत ओसरायला लागली होती हे खरं, त्यामुळे दांड्यानेच साथ थांबली असं म्हणू नये. पण विचाराची दिशा बघा. 'हे पाणी पिऊ नका' असं घरोघर समजावत बसण्याऐवजी ते पाणी मिळायचीच सोय त्यांनी बंद करायला लावली. सार्वजनिक आरोग्यातली मोठमोठी कामं, नळाचं शुद्ध पाणी, झाकलेली गटारं, ही सगळी अशीच झाली, माणसाला रोज उठून शहाणं व्हायला लागू नये अशी. मग हात धुण्याच्या बाबतीतच आपण सगळा भार रोज उठून शहाणं होण्यावर का टाकतो?

जिनिव्हाच्या हॉस्पिटलचं उदाहरण तर त्यामानाने अलीकडचं. तिथे १९९४ ते १९९७ या काळात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हँडरबच्या बाटल्या थेट पेशंटच्या खाटेजवळ आणून ठेवल्या, जोडीला पोस्टर आणि पाहणी, आणि हात स्वच्छ करण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. पोस्टर होतीच की, असं कुणी म्हणेल. होती. पण त्या काळात नुसते बेसिनवर जाऊन हात धुणं फारसं वाढलं नाही, जी वाढ झाली ती खाटेजवळच्या बाटलीमुळे झाली.

शाळेचा तर साधा हिशोब मांडून बघा. समजा ३०० मुलं आहेत, ६ नळ आहेत, आणि प्रत्येक मुलाने नीट हात धुवायला ४० सेकंद घेतले. एका नळावर ५० मुलं, म्हणजे २,००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटं. मधली सुट्टीच अर्ध्या तासाची असेल तर शेवटच्या मुलाचे हात धुवून होईपर्यंत घंटा झालेली असेल आणि त्याने खाल्लेलं नसेल. ते मूल साबण न लावता पळतं तेव्हा ते बेशिस्त नसतं, त्याने त्याच्या पुरता अगदी बरोबर हिशोब केलेला असतो. आता त्याच ३०० मुलांसाठी जमिनीपासून मुलांच्या उंचीवर एक लांब आडवा पाईप लावा, त्याला २० भोकं पाडा, आणि वर्गावर्गाने सोडा. १५ तुकड्या, प्रत्येकी ४० सेकंद, सगळं १० मिनिटांत आटपतं. फिलिपिन्समधल्या शाळांमध्ये असं सामूहिक हात धुणं रोजच्या कार्यक्रमातच बसवलंय, बाई समोर उभ्या, सगळी मुलं एकत्र, अंगठा राहिला तर शेजारचं मूलच सांगतं. इथे ती ६ स्टेपची पद्धत खरोखर शिकली जाते, कारण ती रोज होते आणि तिच्यासाठी वेळ राखलेला असतो.

बांगलादेशातल्या दोन शाळांमधला प्रयोग यापेक्षाही साधा होता. आधी तिथे हात धुवायची सोयच नव्हती, संडासानंतर साबणाने हात धुणारी मुलं ४ टक्के. संशोधकांनी हात धुवायची जागा बांधली, संडासापासून तिथपर्यंत रंगीत वाट आखली, वाटेवर पावलांचे ठसे आणि जागेवर हातांचे ठसे रंगवले. भाषण नाही, बक्षीस नाही, शिक्षा नाही. दुसऱ्याच दिवशी प्रमाण ६८ टक्के झालं आणि सहा आठवड्यांनी ते ७४ टक्के होतं. मला हे आकडे वाचून खरंच आनंद झाला होता, कारण मुलं ऐकत नाहीत म्हणून जे रडगाणं चालतं त्याला एवढं सरळ उत्तर दुसरं नाही.

कामाच्या ठिकाणी गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे मोठी माणसं असतात आणि त्यांना माहिती असते. वॉशरूमच्या दारावर 'हात धुणे बंधनकारक' अशी पाटी असते आणि आत साबणाची बाटली दुपारपासून रिकामी असते, ती भरायची जबाबदारी नक्की कुणाची हे कुणाला विचारलं तर एकमेकांकडे बोट. जिथे बाटलीत वरून साबण ओतत राहायची पद्धत आहे तिथे आणखी एक धोका आहे, बाटली धुतली जात नाही आणि साबणातच जंतू वाढतात. एका शाळेत अशा दूषित साबणाने हात धुतल्यावर मुलांच्या आणि शिक्षकांच्या हातावरचे जंतू कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले आढळले होते. बंद पिशवीतला साबण किंवा कोरडा राहील अशा जाळीवरची साधी वडी याहून कितीतरी बरी. हात पुसण्याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं, ओल्या हातावरून जंतू कोरड्या हातापेक्षा खूप सहज इकडून तिकडे जातात, आणि सगळ्यांसाठी मिळून एकच दमट टॉवेल लटकत असेल तर धुतलेले हात परत एकमेकांचेच जंतू घेऊन बाहेर पडतात. आणि जिथे ब्रेक मिनिटांवर मोजला जातो, मशीन सोडून गेलं की सुपरवायझर घड्याळ बघतो, तिथे कामगाराने ४० सेकंद बेसिनपाशी घालवावेत असं वाटत असेल तर ते सेकंद त्याच्या विश्रांतीतून न कापता कामाच्या वेळेत धरायला हवेत. अन्न तयार करणाऱ्या ठिकाणी हातमोजे दिले म्हणजे झालं असंही समजतात, पण मोजे घालून पैसेही घेतले आणि अन्नालाही हात लावला तर मोज्याचा उपयोग काय? मोजे बदलताना हात धुवायचेच असतात.

घराबद्दल थोडक्यात. घरात वाद सगळा मुलांच्या नावाने होतो आणि मुलं बघतात ते मोठ्यांना. बाहेरून आलेला मोठा माणूस सरळ जेवायला बसला तर मुलाला दिलेली सगळी व्याख्यानं फुकट. साबण संडासाजवळ एक आणि स्वयंपाकाच्या ओट्याजवळ एक अशा दोन जागी असावा, मुलाचा हात नळाला पोचेल असं काहीतरी उभं राहायला ठेवावं, आणि घरात प्रत्येकाचा किंवा निदान आजारी माणसाचा टॉवेल वेगळा असावा. पद्धत शिकवायची तर मुलाला तीनच गोष्टी सांगाव्यात असं मला वाटतं: अंगठे, बोटांची टोकं, बेचक्या. तळवे आपोआप चोळले जातात.

यावर शेवटचा आक्षेप मला माहीत आहे: म्हणजे माणसाची स्वतःची जबाबदारी काहीच नाही का, सगळं शाळेने आणि कंपनीनेच करायचं का? आहे ना, जबाबदारी नक्की आहे. साबण, पाणी, वेळ तिन्ही असताना जो माणूस संडासातून तसाच बाहेर येऊन स्वयंपाकाला लागतो त्याला दोष द्यायला मला काहीच अडचण नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे, आधी सोय आणि मग जाब. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०१९ च्या आकड्यांप्रमाणे जगातल्या ४३ टक्के शाळांमध्ये पाणी आणि साबण दोन्ही असलेली हात धुवायची जागा नव्हती, म्हणजे ८१ कोटींहून जास्त मुलं. दरवर्षी १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुणे दिवस साजरा होतो, मुलांना रांगेत उभं करून फोटो काढले जातात, आणि त्यातल्या कित्येक ठिकाणी १६ तारखेला साबण नसतो. म्हणून पालकसभेत किंवा कामगारांच्या बैठकीत हा विषय निघाला की स्टेप किती आणि सेकंद किती यावर वेळ घालवू नका. एका नळामागे किती माणसं आहेत, साबण संपला की तो कोण भरतं आणि किती तासांत, साबणासाठी वर्षाच्या बजेटमध्ये वेगळी रक्कम ठेवलीय का, आणि हात धुवायचा वेळ वेळापत्रकात लिहिलाय का, हे चार प्रश्न विचारा आणि त्याची उत्तरं लेखी मागा.